मशीनमामांची होडी

सकाळचे सात वाजून वीस मिनिटं झाली होती. शेगडीवर दूध तापत होतं, तव्यावर पावाचे दोन तुकडे भाजत होते, वॉशर गेलेल्या नळाची बादलीत टपटप चालली होती, आणि मशीनमामा आतल्या खोलीत धुक्यात अडकले होते.

धुकं कॉम्प्युटरमधलं होतं. समुद्रात बेटंच बेटं, मध्ये काळे खडक, आणि एका होडीत दोन माणसं. पाठमोरे बसून वल्ही मारणारे मामा, आणि पुढच्या टोकाला कंदील धरून उभी त्यांची मुलगी. वल्ही मारणाऱ्याला पुढचं दिसत नाही आणि कंदीलवालीच्या हाताला वल्हं लागत नाही, अशी त्या खेळाची घडणच होती. तोंड उघडल्याशिवाय होडी हलत नसे.

"थोडी डावीकडे घे, बाबा. अजून. अरे, किती डावीकडे? परत घरी जायचंय का?" मुलगी कानात हसली. होडीत ती हातभर अंतरावर होती. खरी बसली होती आठ तासांच्या प्रवासावरच्या एका शहरात, भाड्याच्या खोलीत, हातात चहाचा कप घेऊन.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

या वेळी मामांकडे कोणी येत नसे. खाली तळमजल्यावर त्यांचं शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं, ते नऊला उघडे, आणि गिऱ्हाइकांना ते ठाऊक होतं. मामींनी गॅस बारीक केला, पदराला हात पुसले आणि दार उघडलं. बाहेर सत्तरीच्या एक बाई उभ्या होत्या. पांढरे कापलेले केस, हातात काठी, काखेत फुगलेली फाइल. चार जिने चढून आल्यामुळे त्यांना धाप लागली होती.

"होडीवाले इथेच राहतात का?"

"इथे शिवणयंत्रं दुरुस्त होतात," मामी म्हणाल्या. "आणि ती खाली. नऊनंतर."

"नाही हो, मला होडीवालेच हवेत. त्यांना म्हणावं, काजवा आलाय."

मामींनी आत जाऊन निरोप जसाच्या तसा दिला, फक्त त्यात स्वतःचा चेहरा घातला. मामांच्या हातून वल्हं सुटलं. होडी खडकावर आपटल्याचा आवाज झाला. "बाबा, काय झालं?" मुलीनं विचारलं. कोणीतरी आलंय, उद्या बोलू, एवढंच पुटपुटून त्यांनी हेडफोन काढला. बाहेर जाऊन पाहतात तो काय, खेळातल्या ज्या काजव्याला ते गेली दीड वर्षं कॉलेजातलं पोरगं समजत होते, ज्याला त्यांनी परीक्षेच्या दिवसांत दोनदा "जा, अभ्यास कर" असं लिहून झापलं होतं, तो काजवा काठी टेकून त्यांच्या स्टुलावर बसला होता.

"तुम्ही अभ्यास करा म्हणालात, म्हणून मी चार दिवस खेळलेच नाही," बाई म्हणाल्या. "खूप वर्षांनी कोणीतरी मला अभ्यासाला बसवलं."

मामींना हसू आवरेना, म्हणून त्या दुधाकडे गेल्या. दूध तोवर उतू गेलं होतं.

आता हे होडीचं प्रकरण या घरात आलं कसं, ते सांगायला हवं. मशीनमामांनी चाळीस वर्षं दुसरं काही केलेलं नाही. गल्लीतला शिंपी असो, पडदे शिवणारा कारखाना असो, की आईचं जुनं मशीन माळ्यावरून उतरवून आणणारी कोणी नवी सून असो, मशीन अडलं की पावलं मामांच्या दुकानाकडे वळत. ते मशीनला आधी हात लावत नसत, कान लावत. चाक हळूच फिरवून म्हणत, "हिला तेल नको, विश्रांती हवी," आणि तरी तेल घालत. माणसांशी मात्र त्यांचं बोलणं बेताचंच. मामी म्हणायच्या, यांच्या तोंडाला शटर आहे, आणि त्याची वेळ दुकानासारखी नाही.

या बेताच्या बोलण्यानंच घात केला होता. एकुलती एक मुलगी. लहानपणापासून दुकानात बसून स्क्रू वेगळे करायची. तिचं शिक्षण संपलं त्या आठवड्यात मामांनी रंगाऱ्याला बोलावून दुकानाच्या पाटीवर स्वतःच्या नावापुढे "आणि कन्या" असं रंगवून घेतलं. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. तो बसला. तिनं दुसऱ्या शहरात दातांच्या कवळ्या बनवायच्या प्रयोगशाळेत काम धरलं होतं आणि त्याच दिवशी ते घरी सांगणार होती. तू आधी विचारलं का नाहीस, असं ती म्हणाली. तू आधी सांगितलं का नाहीस, असं हे म्हणाले. ती गेली. मामांनी ती दोन शब्दांची पुस्ती खरवडून काढली, पण उन्हात पाहिलं की खालची सावली अजून दिसे. आपण मशीनचे दाते बसवतो आणि पोरगी माणसांचे, हे ते गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगत. तिला कधी सांगितलं नाही. फोनवर दोघं तारेसारखं बोलत. बरी आहेस? बरी आहे. जेवलीस? जेवले. आईला देतो.

मग मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मुलगी आठ दिवस रजा काढून आली. बापाला एका जागी बसवणं म्हणजे सुईत दोर ओवणं, हे तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं आणि तिसऱ्या दिवशी बाजारातून एक डबा आणला. वर बेटांचं चित्र, आत खेळ. घरातल्या कॉम्प्युटरवर तिनं तो चालू करून दिला. मामा आधी नाक मुरडत होते. पण त्या होडीच्या वल्ह्याला एक लय होती, उजव्या-डाव्या हाताचा जोर जुळला नाही तर होडी गोल फिरे, आणि जुळवाजुळव हा तर मामांचा धर्मच. मुलगी परत गेली तरी खेळ राहिला. रोज सकाळी सात ते पावणेआठ. हात गुंतलेले, नजर समोर, चेहरा दिसायचा नाही. अशा वेळी माणूस जे बोलतो ते समोरासमोर बसून कधी बोलत नाही. पाटीबद्दलही ते तिथेच बोलले, बेटावरच्या एका फुटक्या धक्क्याला फळ्या ठोकता ठोकता. कोण काय म्हणालं ते मामींना कळलं नाही, पण त्या दिवशी मामांनी चहात साखर दोनदा घातली आणि तसाच पिऊन टाकला.

मुलीला कामावर लवकर जायचं असे त्या दिवशी मामांच्या होडीत कंदील धरायला काजवा येई. काजवा बोलत नसे, लिहीत असे. अचूक, एकही चूक नसलेलं. त्याचं कारण आता कळलं. बाई जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासत आल्या होत्या.

"तुमचं घर शोधणं सोपं होतं," बाई सांगत होत्या. एकदा धुक्यात मामांनीच लिहिलं होतं, की आमचं दुकान पाण्याच्या टाकीखालच्या गल्लीत आहे, आणि आज एक मशीन दुरुस्त केलं ज्याची कंपनी माझ्या लग्नाआधी बुडाली. ते वाक्य बाईंनी लक्षात ठेवलं होतं. टाकीखालच्या गल्लीत विचारलं तर पहिल्याच माणसानं जिना दाखवला.

"खेळ बंद होतोय, ते वाचलं असेलच," त्या म्हणाल्या.

मामांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली. वाचलं होतं. महिन्यापूर्वी पडद्यावर सूचना आली होती, की अमुक तारखेपासून ही सेवा थांबवण्यात येत आहे, आजवरच्या प्रेमाबद्दल आभार. त्यांनी ती मुलीला सांगितली नव्हती. तिनं पाहिली नसेल तर उगाच कशाला, असं म्हणून गप्प बसले होते. शिवाय त्यांना काळजी नव्हती.

"माझ्याकडे सुटा आहे," मामा म्हणाले.

"सुटा काय?"

मामा उठले. दुकानातल्यासारखंच घरातही त्यांचं एक कपाट होतं, ज्याच्या प्रत्येक खणावर चिठ्ठी होती. पट्टे, बॉबिन, दाते, सुया. ज्या मशीनवर आपलं पोट आहे त्याचा प्रत्येक झिजणारा भाग दुसरा आणून ठेवायचा, हा त्यांचा नियम. जुना गेला की बाजारात शोधत फिरायचं नाही. सगळ्यात खालच्या खणावर चिठ्ठी होती, "होडी". त्यातून त्यांनी मऊ कापडात गुंडाळलेला डबा काढला. तोच बेटांचा डबा, पण न उघडलेला, वरचा पातळ कागदही तसाच. मुलीनं पहिला आणला त्याच महिन्यात मामांनी गुपचूप दुसरा आणून ठेवला होता.

"पहिला बंद पडला तर हा लावायचा," ते म्हणाले.

मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला चूक दिसली की लगेच बोट ठेवायची सवय असते, पण या चुकीवर बाईंना बोट ठेवावंसं वाटेना. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "उघडून बघू या का?"

मामांनी पातीनं कागद कापला. झाकण उघडलं. आत तबकडी नव्हती. एक पुठ्ठा होता आणि त्यावर छापलेला सोळा अंकांचा एक आकडा. मामांनी डबा उलटा केला, ठोकला, पुठ्ठ्याच्या मागे पाहिलं.

"हे काय? माल कुठे आहे?"

माल त्यांच्याकडे आहे, बाई म्हणाल्या. बेटं, समुद्र, धुकं, होड्या, सगळं कंपनीच्या मोठ्या मशीनवर चालतं, त्याला सर्व्हर म्हणतात. आपल्या घरी असतो तो फक्त दरवाजा, आणि हा आकडा म्हणजे आत सोडा म्हणून सांगायची खूण. त्यांनी ते मशीन बंद केलं की अशा शंभर खुणा असल्या तरी आत काही नाही. मग त्यांनी फाइलमधून भिंग काढलं आणि डब्याच्या तळाशी मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत जे होतं ते वाचून दाखवलं. ग्राहकाला हा खेळ विकलेला नसून तो वापरण्याची परवानगी दिली आहे, आणि ती कधीही काढून घेता येईल.

"पण दुकानदारानं विकत दिला," मामा म्हणाले. "पावतीवर 'विकला' असंच आहे."

"पुढे मोठ्या अक्षरात 'विकत घ्या', तळाशी बारीक अक्षरात 'विकत नाही'. माझ्या हाताखालून असं एकही पान गेलं नसतं."

मामा डबा मांडीवर घेऊन बसले. पुढच्या बुधवारी ग्राहक समितीसमोर सुनावणी होती. खेळणाऱ्या नऊशे माणसांनी मिळून अर्ज केला होता, आणि बोलायला एकाला उभं राहायचं होतं. आधीच्या वेळी दोन तरुण गेले, तेव्हा कंपनीचे वकील हसून म्हणाले होते, मुलांचा खेळ आहे, दुसरा खेळतील. म्हणून बाई आल्या होत्या. ज्यानं जन्मभर वस्तू चालू ठेवल्या असा माणूस हवा होता.

मामांनी सरळ नाही म्हटलं. चारचौघांत बोलणं हा आपला प्रांत नव्हे. शिवाय गल्लीला कळलं की मशीनमामा सकाळी होडी-होडी खेळतात, तर शिंपी लोक मशीनऐवजी वल्हं दुरुस्तीला आणतील. बाईंनी आग्रह केला नाही. सुनावणीचा कागद ठेवला, चहा घेतला, आणि जिना उतरताना एवढंच म्हणाल्या की माझ्यासारख्या, पाऊल जपून टाकणाऱ्या माणसाला होडीत बसवणारे तुम्हीच पहिले.

मामींनी कप उचलले. गेली दोन वर्षं त्यांनी या खेळाला नावं ठेवण्यात कसूर केली नव्हती. म्हातारपणी फुटलेले दुधाचे दात, पाण्यावाचून पोहणं, काय काय म्हणून झालं होतं. मामांना वाटलं, आता सुटलात एकदाचे, असं ऐकावं लागणार.

"जाणार नाही म्हणता," मामी म्हणाल्या. "मग पुढच्या महिन्यापासून पोरीशी बोलणार कुठे?"

"फोन आहे की."

"फोनवर तुम्ही दोघं बोलता ते मी ऐकलंय. त्यापेक्षा घड्याळ जास्त बोलतं." त्यांनी ओट्यावरचं सांडलेलं दूध पुसायला घेतलं. "रोज सकाळी मी या दाराशी उभी असते. पाव जळतो तो का जळतो, वाटतं तुम्हाला? तुम्ही हसता ते ऐकत उभी असते. या घरात तुम्ही हसायला लागलात ते त्या होडीपासून. खेळ कोणाचा का असेना, ते हसणं माझं आहे. ते कोणी परवानगीवर दिलेलं नाही."

त्या दिवशी दुकानात मामांनी एकाच मशीनचा पट्टा तीनदा काढून तीनदा चढवला.

दुसऱ्या दिवशी सात वाजता होडी पाण्यात उतरली. पहिला खडक मागे पडल्यावर मामा म्हणाले, "तुला एक सांगायचं होतं. हे सगळं बंद होणार आहे. महिनाअखेरीला."

कंदील जागच्या जागी थांबला. "तुला माहीत आहे?" मुलगी म्हणाली. "मी महिनाभर लपवतेय तुझ्यापासून. तुला वाईट वाटेल म्हणून."

"मी तुझ्यापासून लपवत होतो."

"कमाल आहे, बाबा. पाटीचंच पुन्हा."

दोघं हसले, आणि हसता हसता मुलीचा आवाज जरा बदलला. ती म्हणाली, की तिला भीती वाटते. खेळ गेला की आपण पुन्हा बरी आहेस, बरी आहे यावर येऊ. मामांच्या मनात नेमकी हीच भीती होती, पण उलट बाजूनं. ते समजत होते की पोरगी आपल्या गुडघ्याची कीव करून इतके दिवस येतेय, आणि बंद पडलं तर सुटल्यासारखं होईल तिला. ते त्यांनी बोलून टाकलं. त्यावर तिनं काय म्हणावं?

"मी सहाचा गजर लावते, बाबा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. कीव कोणी सहाला उठून करत नाही."

मामांनी वल्ही मारायला सुरुवात केली. थोड्या वेळानं म्हणाले, बुधवारी दुकान बंद ठेवतोय.

बुधवारी समितीच्या हॉलमध्ये पंखे जोरात होते आणि कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ग्लास ठेवले होते. समोर अध्यक्षबाई आणि दोन सदस्य. एका बाजूला कंपनीचे वकील, दुसऱ्या बाजूला मामा, इस्त्रीच्या शर्टात, शेजारी काजवा. मागच्या बाकावर मामी. आणि रात्रीच्या गाडीनं येऊन, तोंडही नीट न धुता, मामींच्या शेजारी मुलगी.

वकील वाईट माणूस नव्हते. त्यांनी मुद्दा स्वच्छ मांडला. खेळ ही वस्तू नाही, सेवा आहे. बसचा पास काढला म्हणून बस आपली होत नाही.

अध्यक्षबाईंनी मामांकडे पाहिलं. मामा उठले, खाकरले. मामींनी पदराचं टोक मुठीत धरलं.

"साहेब म्हणतात ते बरोबर आहे," मामा म्हणाले. "बस माझी नाही. पण पासावर तारीख असते. या तारखेपर्यंत बसायचं, पुढे उतरायचं. मी मुकाट उतरतो, कारण घेतानाच ठाऊक होतं." त्यांनी डबा टेबलावर ठेवला. "याच्यावर तारीख दाखवा."

अध्यक्षबाईंनी डबा हातात घेतला, चारी बाजूंनी फिरवला, तळाची अक्षरं वाचायला चष्मा कपाळावर सरकवला आणि काजव्याकडून भिंग मागून घेतलं. मग तो वकिलांकडे दिला. वकिलांनीही शोधलं. तारीख नव्हती.

"मान्य," वकील म्हणाले, "पण कंपनी हे मशीन जन्मभर चालवत बसू शकत नाही."

"बसूच नये. मी तरी कुठे म्हणतोय?" मामांचा आवाज आता दुकानातला झाला होता, मशीन उघडल्यावर होतो तसा. "माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मशीनच्या कंपन्या बंद पडल्यात. कंपनी बंद पडावी, त्यात पाप नाही. पण जाताना कोणी घराघरांत शिरून मशीनची चाकं काढून नेली नाहीत. म्हणून तर माझं दुकान चालतं."

मागे कोणीतरी हसलं. अध्यक्षबाईंनी वकिलांना विचारलं, की खेळणाऱ्यांनी आपल्या खर्चानं, आपल्या मशीनवर तो चालवायचा म्हटलं, तर ते होण्यासारखं आहे का. काजव्यानं फाइलमधून एक यादी पुढे केली. त्यात एक लिफ्ट दुरुस्त करणारा होता, एक इस्पितळातले कॉम्प्युटर सांभाळणारी होती, आणखी अकरा जण होते, ज्यांनी आपण हे काम करू असं सही करून लिहून दिलं होतं. वकिलांनी शेजारच्या तांत्रिक माणसाच्या कानाशी बराच वेळ कुजबुज केली. तो माणूस यादी वाचता वाचता एका ओळखीच्या नावावर थांबला आणि नकळत मान डोलावून गेला.

"काही महिन्यांचं काम आहे," वकील शेवटी म्हणाले. "अशक्य आहे, असं मी म्हणणार नाही. आजवर आमच्याकडे असं कोणी मागितलं नव्हतं."

"मग आज मागताहेत," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "तुमचं मागणं नेमकं काय ते एकदा सांगा. मी लिहून घेते."

मामांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. मुलगी दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत होती.

"नवीन काही नको," ते म्हणाले. "दुरुस्ती नको, पैसे परत नकोत, माफी नको. तुम्ही बंद कराल त्या दिवसानंतर हा खेळ आमच्या मशीनवर चालेल, एवढी सोय लावून द्या. मला सकाळी पाऊण तास माझ्या मुलीबरोबर होडी चालवायची आहे."

अध्यक्षबाईंनी ते शब्दाला शब्द लिहून घेतलं.